व्हाया सिंगापूर

अंगद थेट विमानातून उतरून वीणा घ्यायला येणार, ही बातमी व्यंकटीनं स्वतःच भोंग्यावरून साऱ्या गावाला दिली होती. त्यामुळं पुढं जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडायची सोय उरली नव्हती.

अर्धापूरच्या पलीकडं, कालव्याच्या अंगाला, केळीच्या बागांमध्ये बसलेलं ते गाव. दर माघात तिथं हरिनाम सप्ताह बसतो. पहाटे काकडा, दिवसा भजन, रात्री कीर्तन आणि दोन्ही वेळच्या पंगती. पण सप्ताहाचा खरा जीव असतो तो वीणेत. पहिल्या दिवशी वीणा एकदा उभी राहिली की सात दिवस ती भुईला टेकत नाही. कुणीतरी ती गळ्यात घालून, तार छेडत, नाम घेत विठ्ठलासमोर उभं असतंच. पंगत चालू असो, लाइट गेलेली असो, मंडपात चिटपाखरू नसो. याला वीणेचा पहारा म्हणतात. एकाचा पहारा संपला की दुसरा पुढं येतो. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. त्यात थोरला-धाकटा नाही, मालक-गडी नाही. ज्याच्या गळ्यात वीणा, त्या घटकेला तोच मोठा. ज्यानं कुणी ही रीत घातली, त्याचे पांग फिटायचे नाहीत.

व्यंकटी एस्टीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. एकुलता एक मुलगा अंगद चार वर्षांपासून न्यूझीलंडला, ऑकलंडजवळच्या दुधाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळतो. जाताना तो मंडपात येऊन म्हणाला होता, "बाबा, पहिल्यांदा परत येईन तेव्हा सप्ताहातच येईन. एक पहारा माझा." ते शब्द व्यंकटीनं जपून ठेवले होते. यंदा सुटी मिळाली, तिकीट निघालं, आणि अंगदनं फोनवर सांगितलं, "गुरुवारी रात्री बसतो बाबा. व्हाया सिंगापूर, व्हाया हैदराबाद."

'व्हाया' ऐकलं आणि व्यंकटी निश्चिंत झाला. हा शब्द त्याच्या घरचा होता. उभी नोकरी त्यानं नांदेड-लातूर गाडीवर काढलेली. गाडीच्या पाटीवर 'व्हाया लोहा, अहमदपूर, चाकूर' असं असायचं. व्हाया म्हणजे काय, तर गाडी स्टँडात घालायची, कंडक्टरनं खाली उतरून नोंद करायची, दोन घोट चहा मारायचा, चार माणसं उतरायची, सहा चढायची, की निघाली तीच गाडी पुढं. आपल्या शिटावर रुमाल टाकलेला असतो. व्हायाचं गाव लागतं, तिथं राहायचं नसतं.

तरी एकदा खात्री करावी म्हणून त्यानं लातूरला फोन लावला. तिथं त्याच्या धाकट्या भावाची मुलगी बबिता डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास करत होती.

"बबे, आकलंडाहून नांदेड किती लांब हाय, बघ की मोबाइलवर."

"मोठे काका, उद्या टेस्ट हाय माझी."

"बघ गं बाई. तुझा भाऊ येऊन राहिला."

पलीकडं जरा वेळ टकटक झाली. "हं. एक पान आलंय. ऑकलंड विमानतळ ते नांदेड विमानतळ. अंतर बारा हजार किलोमीटरच्या आसपास. विमान प्रवासाचा वेळ, साडेचौदा तास."

"नांदेडच लिहिलंय ना? नीट वाच. नाहीतर नाशिक असायचं."

"नांदेडच हाय. खाली लातूरचं बी दिलंय. लातूर जराक लांब पडतं."

"म्हंजे लातूरला बी उतरतं?"

"आपल्या लातूरला कुठं येतंय रोजचं विमान? पण दिलंय खरं."

इथं खरं तर दोघांच्याही मनात पाल चुकचुकायला हवी होती. त्या पानाचं काम एवढंच होतं की जगातले कुठलेही दोन विमानतळ घ्यायचे, त्यांच्यामध्ये दोरी ताणायची आणि दोरीची लांबी सांगायची. त्या दोरीवरून एखादं विमान खरंच जातं का, याच्याशी पानाला काही देणंघेणं नव्हतं. पण बबिताला टेस्टची घाई, आणि व्यंकटीला मुलाची.

"अन् मोठे काका, तिकडचं घड्याळ आपल्या पुढं हाय. म्हणजे तिकडं रात्री बारा वाजले तरी आपल्याकडं दिवसच असतो. त्या हिशेबानं अंगददादा शुक्रवारी सकाळीच नांदेडात."

"लई हुशार हायस. डॉक्टर होशील बघ."

फोन ठेवून व्यंकटीनं मनाशी वेळापत्रक मांडलं. सकाळी नांदेड. सामान हाती यायला वेळ, तपासणीला वेळ, अर्धापूरपर्यंत जीप, घरी येऊन आंघोळ, आईच्या हातचे दोन घास. अगदी रडतखडत आला तरी दुपारी दोनला मंडपात. उशीर आधीच धरून चालणारा माणूस तो.

चुलीपुढं बसलेली त्याची बायको कावेरीबाई म्हणाली, "आवं, त्यालाच विचारा की परत एकडाव."

"त्याला काय इचारायचं? लिहून आलंय ते."

"लिहून तर एस्टी स्टँडावर बी येतं."

व्यंकटीनं ते ऐकलं नाही, म्हणजे ऐकून सोडून दिलं. सप्ताहात पहारे वाटायचं काम दगडोबाकडं असतं. त्याच्याकडं जाऊन व्यंकटीनं शुक्रवारचा दोन ते चार हा पहारा अंगदसाठी मागून घेतला.

"दुपारचा पहारा मागून घेणारा तू पहिलाच," दगडोबा म्हणाला. "जेवण झाल्यावर डोळ्यांवर झापड येते, म्हणून लोक तोंड लपवत फिरतात. अन् पोराला येता आलंच न्हाई तर?"

"आलंच न्हाई तर काय? इमान हाय ते, बैलगाडी न्हाई. त्याच्या आधीचा बारा ते दोन माझा लिही. बापाच्या गळ्यातून लेकाच्या गळ्यात."

आणि त्याच भरात त्यानं माइक ओढून ती बातमी भोंग्यावर टाकली.

शुक्रवार उजाडला. सकाळची एस्टी येऊन गेली, जीपा येऊन गेल्या. अंगदचा पत्ता नव्हता. "तपासणीत अडकला आसंल," व्यंकटी ज्याला-त्याला सांगत होता. बारा वाजता त्यानं आंघोळीचं ओलं डोकं पुसलं, बुक्का लावला, दगडोबाच्या पाया पडून वीणा गळ्यात घेतली.

पंगत उठली. खरकटी आवरली गेली. मंडपात कापडाच्या झालरी तेवढ्या हलत होत्या. तेवढ्यात कालव्याकडून एकजण सायकल हाणत आला. रात्रीच्या कीर्तनाला निलंग्याकडचे ग्यानोबा महाराज येत होते, आणि त्यांची जीप कालव्याच्या वाटेवर रुतली होती. कुणीतरी केळीला पाणी सोडलेलं, ते वाटेवर फुटलेलं. चाकं निम्मी चिखलात. झालं! दगडोबा धोतर खोचत निघाला, ट्रॅक्टर निघाला, दोरखंड निघाला, आणि चिखलातून गाडी ओढायची म्हटल्यावर ज्यांचं काही काम नव्हतं तेही सगळे निघाले. गावातला हिंडताफिरता एकूण एक पुरुष कालव्यावर गेला.

व्यंकटी उभा होता. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी. घड्याळाचा काटा दोनवर आला. दोनच्या पुढं सरकला.

त्याचा डावा गुडघा क्लच दाबून दाबून कामातून गेलेला. दोन तास उभं राहायचं म्हणून त्यानं मनाची तयारी केली होती, आणि गुडघ्यानंही दोन तासांपुरताच शब्द दिला होता. दोन वाजले तसा तो आतून कळ मारू लागला. व्यंकटीनं भार उजव्या पायावर घेतला. मग परत डाव्यावर. मंडपाच्या तोंडाशी सावली हलली की त्याला वाटायचं, आला. ती कधी झालर असायची, कधी कुत्रं.

कावेरीबाई आली ती जवळजवळ पळतच. मंडपाच्या मागं पत्र्याची शेड, तिथं संध्याकाळच्या पंगतीच्या पोळ्या चालल्या होत्या. तिचे हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले, आणि दोन बोटांच्या चिमटीत मोबाइल.

"अंगदचा हाय. बोला."

"माझे हात हायेत का मोकळे?"

तिनं मोबाइल त्याच्या कानाला लावला. कानाला पीठ लागलं.

"बाबा! सकाळपासून लावून राहिलो तुमचा फोन. उचलत का नाही?"

"रामकृष्णहरी... घरी हाय तो... रामकृष्णहरी... कुठं हायस रे?"

"सिंगापूरला."

व्यंकटीची तार एक क्षण चुकली. "आजून सिंगापूरलाच? काय झालं, पंक्चर झाली का?"

"पंक्चर कशाची बाबा? विमान बदलायचंय इथं. पहाटेच उतरलोय, पुढचं विमान रात्री हाय. मग हैदराबाद, तिथून नांदेड. उद्या सकाळी पोचतो."

"व्हाया म्हणला होतास ना तू!"

"व्हायाच हाय की."

"अरे, व्हायाला गाडी बदलत न्हाईत!"

पलीकडं अंगदला काय ते उमगलं असावं. तो हळू आवाजात म्हणाला, "बाबा, ऑकलंडाहून नांदेडला थेट विमानच नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"साडेचौदा तास... रामकृष्णहरी... लिहून आलं होतं."

"ते नुसतं अंतर असतं बाबा. पाखरू उडालं तर किती लागेल, तसलं. माझा पहारा... आजच होता का?"

कावेरीबाईनं फोन काढून स्वतःच्या कानाला लावला. "काही काळजी करू नको बाळा. तू काहीतरी खाऊन घे. पहाऱ्याचं बघतो आम्ही." आणि तिनं फोन कमरेला खोचला.

"हसू नको," व्यंकटी म्हणाला.

"मी कुठं हसले? तुमचा पाय बघून राहिले मी. थरथर कापतोय."

"दगडोबाला हाक मार."

"सारे कालव्यावर. ट्रॅक्टर बी फसलाय म्हणतात."

"शिवमूर्ती?"

म्हातारा शिवमूर्ती खांबाला टेकून घोरत होता. त्याला उठवून उभं केलं असतं, तर त्यालाच धरायला दोन माणसं लागली असती.

व्यंकटीला भोंग्यावरून मिरवलं त्याची लाज होतीच, पण ती आता मागं पडली. आता प्रश्न वीणेचा होता. साठ-सत्तर वर्षं गावानं हिला खाली टेकू दिलं नव्हतं. पटकीच्या साथीत टेकू दिलं नव्हतं, दुष्काळात नव्हतं. आणि आज एका गुडघ्यापायी ती भुईला लागणार होती, तीही व्यंकटीच्या हातून, मुलाच्या नावच्या पहाऱ्यात. खांबाला टेकवून ठेवावी का घटकाभर, असं मनात आलं. आलं तसं त्यानं ते तिथंच गाडलं. पांडुरंगा, पडलो तर पाठीवर पडू दे, वीणा वर राहील.

"आणा इकडं," कावेरीबाई म्हणाली.

"काय?"

"वीणा."

"तू?"

"मग काय शेजारची उमाबाई? ती तर लाटण्यावर बसलीय. आणा."

"अगं, पण आपल्या गावात बायांनी..."

"कोण न्हाई म्हणलंय?"

व्यंकटी आठवायला लागला. खरंच, नाही कुणीच म्हटलेलं नव्हतं. विचारलंही कुणी नव्हतं, इतकंच. बायका पत्र्याच्या पलीकडं असायच्या, पुरुष अलीकडं, आणि दोन्हीकडच्यांना वाटायचं की हे असंच ठरलेलं आहे.

"हात धुऊन येते," ती म्हणाली. "तवर टिका."

ती गेली. व्यंकटीनं डोळे मिटले आणि नाम मोठ्यानं घेऊ लागला, कळ दाबायला. आणि त्या अंधारात त्याला पत्र्याची शेड दिसायला लागली. सप्ताहाची किती वर्षं ती त्या धुरात बसली होती? लग्न होऊन आली तेव्हापासून. तो मंडपात पुढं बसून टाळ धरायचा, आणि कीर्तन रंगात आलं की हमखास पेंगायचा. दिवसभर गाडी चालवलेली, काय करणार. घरी आल्यावर तीच त्याला सांगायची, आज महाराजांनी कुठला दृष्टान्त दिला, कुठं रडवलं, कुठं हसवलं, मृदंगवाल्यानं कुठं उचलून धरलं. पत्र्याच्या आडून, शंभर माणसांची भाकरी थापताना, तिला सगळं ऐकू आलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी पारावर व्यंकटी तेच कीर्तन रंगवून सांगायचा आणि लोक म्हणायचे, व्यंकटराव, तुमच्यासारखा श्रोता नाही. तो ते मानून घ्यायचा. दरवर्षी काल्याच्या दिवशी त्याला सेवेकरी म्हणून नारळ मिळायचा. तो नारळ घरी आणून तो तिलाच फोडायला द्यायचा.

डोळे उघडले तेव्हा ती समोर उभी होती. हात-पाय-तोंड धुतलेलं, पदर घट्ट खोचलेला, कपाळावर कुंकवाखाली बुक्का. शेडच्या तोंडाशी उमाबाई आणि बाकीच्या बाया लाटणी हातात घेऊन जमलेल्या.

कावेरीबाई सवयीनं वाकली, त्याच्या पाया पडली. हे नेहमीचंच. सणाला पडायची, गाडीवर निघताना पडायची. व्यंकटीनं वीणा गळ्यातून काढली आणि तिच्या गळ्यात घातली. वीणेबरोबरचा फुलांचा हारही घातला. तिची बोटं तारेवर नीट बसली का ते पाहिलं.

आता त्याची पाळी होती.

बाया बघत होत्या. उमाबाईनं तर मान उंच केली होती. व्यंकटीला वाटलं, नुसते हात जोडावेत का? कोण बघतंय? पण रीत ती रीत. दगडोबाच्या पाया पडताना नुसते हात जोडले होते का? तो वाकला. गुडघा कडकडला. कपाळ तिच्या पावलांना लागलं.

पावलं अजून ओली होती. डाव्या अंगठ्याच्या वर भाजल्याचा जुना डाग होता, चार बोटं रुंद. हा कधी भाजला, हे त्याला माहीत नव्हतं. एवढी वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं. त्याला काहीतरी म्हणावंसं वाटलं. देवापुढं माणूस म्हणतो तसलं काहीतरी. पण तोंडात फक्त नामच होतं, तेच आलं. रामकृष्णहरी. आणि डोळ्यांतून पाणी तिच्या पावलावर पडलं. ओल्यात ओलं, कुणाला कळलं नसेल असं त्याला वाटलं.

"उठा आता," ती वरून हळूच म्हणाली. "गुडघा धरंल."

"धरू दे."

"आन मंग उचलणार कोण तुम्हाला? माझे हात हायेत का मोकळे?"

शेडकडून खसखस पिकली. उमाबाई ओरडली, "कावेरे, तार सोडू नको गं! रडायचं ते चारनंतर रड!"

कावेरीबाईनं तार छेडली. पहिल्यांदा जोरात छेडली गेली, टणक आवाज आला. दुसऱ्यांदा बरी. तिसऱ्यांदा ती नाम घेऊ लागली आणि मग बोटं आपोआप चालायला लागली. आवाज सुरुवातीला पत्र्याच्या आडचा होता, दबका, कुणाला ऐकू जाऊ नये असा. मग तो हळूहळू माइकपर्यंत पोचला.

व्यंकटी खांब धरून उठला, लंगडत शेडपर्यंत गेला आणि रिकाम्या पाटावर बसला.

"भावजी, हितं काय काम तुमचं?" उमाबाईनं विचारलं.

"तिच्या पोळ्या ऱ्हायल्यात ना."

"लाटता येतात का?"

"एस्टी चालवता येते, त्याला पोळी काय अवघड?"

पहिली पोळी लाटून त्यानं तव्यावर टाकली. उमाबाईनं ती उलथन्यानं उचलून सगळ्या बायांना दाखवली. "हे बघा गं, हा कुठला देश?"

"सिंगापूर!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि बाया पोट धरधरून हसल्या. व्यंकटीही हसला. आज दिवसभरात पहिल्यांदा त्याला बरं वाटत होतं. लाटणं फिरवताना पत्र्यातून आवाज येत होता, अगदी स्पष्ट. इथून इतकं छान ऐकू येतं, हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं.

अर्ध्या तासानं माणसं परतली. जीप निघाली होती, पण सगळ्यांचा अवतार झाला होता. महाराजांच्या पांढऱ्याशुभ्र धोतराला गुडघ्यापर्यंत चिखलाचा काठ. दगडोबा मंडपाच्या तोंडाशी आला आणि जागच्या जागी थबकला. मागचे त्याच्यावर आपटले. वीणेवर कावेरीबाई! दगडोबानं तोंड उघडलं, पण त्यातून काही निघायच्या आत ग्यानोबा महाराज रांजणाशी गेले, पाय धुतले, हात धुतले, आणि सरळ जाऊन कावेरीबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. ती अंग चोरून मागं सरकली, पण तार चालूच ठेवली.

महाराज उठले. "कुणाचा पहारा हाय?"

"अंगदचा," दगडोबा पुटपुटला. "ह्यांच्या लेकाचा."

"अन् लेक?"

"सिंगापूरला."

"सिंगापूरला!" महाराज मोठ्यानं हसले. "मग तिथवर पोचून राहिला असंल आवाज. दगडोबा, तुमच्या गावात वीणेला अशी माणसं असताना, दुपारचा पहारा घ्यायला कोणी मिळत न्हाई म्हणून तुम्ही मला फोनवर रडत होता?"

दगडोबा पुढं होऊन म्हणाला, "वहिनी, द्या आता माझ्याकडं. दमल्या असाल."

कावेरीबाईनं मान हलवली आणि मंडपातल्या घड्याळाकडं नजर टाकली. पहारा चारपर्यंतचा होता. तो मुलाच्या नावचा होता, आणि त्यातला एक क्षणही तिला दुसऱ्याला द्यायचा नव्हता. चार वाजता तिनं वीणा दगडोबाच्या गळ्यात घातली. दगडोबा तिच्या पाया पडला, मनापासून पडला, आणि ती त्याच्या.

"उद्या सकाळचा कोणाचा?" तिनं विचारलं.

"अजून लावायचाय."

"माझा लावा. अंगद येईस्तोवर. त्याच्या गळ्यात मीच घालीन."

"आन त्याच्या आधीचा, पहाटेचा, माझा!" शेडमधून उमाबाई ओरडली. "मी बी उभी ऱ्हाते. पोळ्या भावजी लाटतील."

त्या रात्रीच्या कीर्तनाला कावेरीबाई पहिल्यांदाच मंडपात बसली, पुढून दुसऱ्या रांगेत. व्यंकटी पेंगला नाही. तो कीर्तन ऐकत होता आणि मधूनमधून तिचा चेहरा बघत होता. महाराज हसवणार, त्याच्या आधीच ती हसत होती. महाराजांचा गळा दाटणार, त्याच्या आधी तिचे डोळे भरत होते. विठ्ठला, काय काय देऊन ठेवलंस आणि मला बघायला सवड झाली नाही, असं त्याच्या मनात आलं. आणि त्याला मोबाइलवरच्या त्या अंतराच्या पानाचा राग येईना. उलट, ज्यानं कुणी ते बनवलं असेल त्याचंही भलं होवो, असंच वाटलं.

सकाळी व्यंकटी मोटारसायकल घेऊन फाट्यावर गेला. नांदेडहून येणारी एस्टी उशिरानं आली. अंगद उतरला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, दोन्ही हातांत बॅगा. त्यानं बॅगा तशाच रस्त्यावर ठेवल्या आणि बापाच्या पाया पडला.

"बाबा, माफ करा. मीच नीट सांगायला पाहिजे होतं. तुमची फजिती झाली ना गावात?"

"झाली की. चांगली झाली."

"पहारा मोडला का?"

"न्हाई मोडला."

"मग कोणी दिला?"

व्यंकटीनं नुसतं गावाकडं बोट केलं. एस्टी गुरगुरत पुढं निघून गेली, आणि तिचा आवाज विरला तसा केळीच्या बागांवरून भोंग्याचा आवाज आला. वाऱ्यावर कधी जवळ, कधी लांब. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी. स्वच्छ, मोकळा, एका लयीत चाललेला.

अंगदनं मान वर केली. "बाईचा आवाज हाय. कोण उभं हाय वीणेवर?"

"ओळख."

तो ऐकत राहिला. आधी त्याच्या कपाळाला आठी पडली, मग ती हळूहळू सुटत गेली.

"बाबा... माय?"

"हाव."

"मायचा आवाज असा हाय?"

"मला बी कालपर्यंत ठाव नव्हतं," व्यंकटी म्हणाला. "चल. तू येईस्तोवर धरून ठेवते म्हणलीय."

त्यानं गाडीला किक मारली. अंगद बसला नाही. तो खाली वाकला आणि तिथंच, फाट्यावरच्या डांबरी रस्त्यावर, पायातले बूट काढू लागला.